पहाऱ्याची वीणा

सप्ताह बसला की पहिल्या दिवशी देवळाच्या भिंतीला पहाऱ्याची यादी लागायची. दोन-दोन तासांचा एक पहारा. दिवसाचे 12, सात दिवसांचे 84. त्या सात दिवसांत वीणा एकदाही खाली ठेवायची नाही. आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, प्रवरेच्या अलीकडचं. रात्री दोनचा पहारा माझ्या आबांचा, आणि कंदील धरून त्यांच्यासोबत जायचं काम माझं. मी आठ वर्षांची असेन.

त्या वेळी देवळात तीन-चारच माणसं असत. विणेकरी, दोन टाळकरी आणि कोपऱ्यात घोंगडी पांघरून कुणी पेंगणारा. आबा आले की कुणी काही बोलत नसे. दोघं विणेकरी एकमेकांच्या पाया पडायचे, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची आणि तेवढ्या वेळापुरता टाळकऱ्यांचा आवाज चढायचा. वीणा बदलताना नामात खंड पडू नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढं मी शाळेच्या, गटाच्या, समितीच्या कितीतरी बैठकांना बसले. एकाचं काम दुसऱ्याकडं इतक्या जपून जाताना पुन्हा पाहिलं नाही.

आबांचा गळा काही गोड नव्हता. चाल दुसरेच धरायचे, पखवाज तिसऱ्याचा. एकदा मी विचारलं, "आबा, तुम्हाला तर गाता येत नाही, मग वीणा तुमच्याकडं कशी?" ते म्हणाले, "गाणाऱ्याला दम घ्यायला थांबावं लागतं, बाई. विणेकऱ्यानं थांबून चालत नाही."

नेवाशाला पैस खांबाच्या दर्शनाला गेलो की ते ज्ञानेश्वरांबरोबर सच्चिदानंदबाबांनाही हात जोडायचे. शके 1212, म्हणजे 1290 साली तिथंच ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सांगणारे ज्ञानेश्वर, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, पाठीशी थोरले भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ, समोर श्रोते. त्या श्रोत्यांना तर ज्ञानेश्वर ग्रंथभर विनवत, सांभाळून घेत पुढं जातात. "लिहिणाऱ्याचा डोळा लागला असता तर?" आबा म्हणायचे आणि स्वतःच गप्प व्हायचे.

मला मात्र वीणेला हात लावू दिला नाही. बाराव्या वर्षी "यादीत माझं नाव लिहा" म्हणाले, तर मंडळी हसली. बायकांच्या वाट्याला भाकरी. आमटी देवळापाशी कढईत शिजायची, भाकऱ्या घरोघरच्या. उद्या पंगतीला किती माणूस, कुठल्या आळीनं किती भाकऱ्या द्यायच्या, कुणाच्या घरी बाळंतीण आहे म्हणून तिला सोडायचं, हे सगळं बायका ओट्यावर बसून ठरवायच्या, आणि सात दिवसांत एकही पंगत अडली नाही. पत्रिकेवर नावं मात्र पुरुषांची. त्याचा तेव्हा राग आला होता. अजून आहे.

लग्नानंतर सासूबाईंसोबत आळंदीच्या पालखीबरोबर वारीला गेले. मुक्कामाच्या तळावर समाजआरती असते. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, ती तिथं डोळ्यांनी दिसते. चोपदारांनी चोप उंच केला की एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार स्वतः तिथं जातात, म्हणणं ऐकून घेतात, तेव्हाच टाळ थांबतात आणि पुढं आरती होते. त्या संध्याकाळी असाच एका दिंडीचा टाळ कितीतरी वेळ चालू होता. सासूबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "ऐक. भांडण नाही, तंटा नाही. नुसता टाळ."

तो टाळ मला कामी आला. आमचा 12 जणींचा बचत गट दोन वर्षांत मोडायला आला होता. अध्यक्षबाई बोलायच्या, बाकीच्या माना डोलवायच्या, आणि कुणाला काय बोचतंय ते धुण्यावर कळायचं. मी बैठकीत मध्यभागी टाळांची एक जोडी ठेवली. जिला काही म्हणायचंय तिनं वाजवायचा. तिचं ऐकल्याशिवाय हिशेबाची वही उघडायची नाही. पहिल्या महिन्यात कुणी हात लावला नाही. दुसऱ्या महिन्यात वाजवला तो सगळ्यांत कमी बोलणारीनं. दुपारच्या बैठकीनं तिची मजुरी बुडत होती. दोन वर्षं ती हे गिळून बसली होती! बैठक त्याच दिवशी संध्याकाळवर गेली. पुढं अध्यक्षपदही आम्ही पहाऱ्यासारखं फिरतं केलं.

गटाबरोबर हिवरे बाजार पाहायला गेले, तेव्हा आबांची वीणा पुन्हा आठवली. ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला तिथं भावला तो पावसाचा हिशेब. पडलेला पाऊस मोजायचा, ग्रामसभेत सगळ्यांपुढं पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. ऊस नाही, शेतीला बोअर नाही. मोठ्या बागायतदाराला आणि दोन एकरवाल्याला आकडा एकच. एका सुरावर सगळं गाव.

गेल्या सप्ताहात माहेरच्या यादीवर पाच बायकांची नावं लागली. रात्री दोनचा पहारा मी मागून घेतला. चार वाजता वीणा माझ्या गळ्यातून भाचीच्या गळ्यात गेली, तेव्हा टाळकऱ्यांनी आवाज चढवला.

तुमच्या गावच्या यादीत अजून एकाही बाईचं नाव नसेल, तर यंदा सप्ताहाच्या बैठकीला टाळ घेऊन जा. ऐकून घेईपर्यंत थांबवू नका.