वाढत्या वयाचा उपवास

राखेचा बुधवार. वसईत उपवासकाळ लागला की मुलांनाही तो हवासा वाटतो. कपाळावर भस्म लावून आलेल्या धाकटीने विचारलं, "मीही उपाशी राहू?" कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार मांसवर्जन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर, उपवास १८ नंतर. पण लहानग्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवणं हे काम तीच संहिता धर्मगुरूंवर आणि आईवडिलांवर सोपवते. हे मला मनापासून पटतं. वाढत्या पोटाला उपाशी ठेवण्यात कसली भक्ती? तिने खाऊचे पैसे गरिबांसाठी बाजूला टाकावेत, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला माझ्यासोबत गुडघे टेकावेत आणि अबोला धरलेल्या मैत्रिणीशी आपणहून बोलावं. हे शेवटचं तिला सगळ्यांत जड जाईल. रविवारी मात्र तिने गोड खावं. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत.