मूळव्याध समजलेला कर्करोग

मोठ्या आतड्याचा कर्करोग बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आढळतो. हे खात्रीने सांगता येते, कारण 1987 पासून बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधतात, निदान नोंदवतात आणि पुढे रुग्ण हयात आहे का, याचीही चौकशी करतात.

आजार उशिरा कळतो तो बहुधा एका समजुतीमुळे. शौचावाटे रक्त पडले की त्याला मूळव्याध म्हणतात. याच पट्ट्यातल्या एका खेड्यात प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांचे तेच झाले. आधी झाडपाल्याचे औषध, मग मलम, मग रक्तवाढीच्या गोळ्या. हिमोग्लोबिन का उतरते, हे कुणी पाहिले नाही. अखेर एका सर्जनने गुदद्वारात बोट घालून तपासले आणि गाठ हाताला लागली. या तपासणीला मिनिटभर पुरते, यंत्र लागत नाही. ती न करताच मूळव्याधीचे औषध लिहून देणे हा रुग्णावर अन्याय आहे.

निदान पक्के होते ते कोलोनोस्कोपीत काढलेल्या तुकड्यावरून. प्रसार किती, हे सीटी स्कॅन आणि एमआरआय सांगतात. गुदाशयाच्या वरच्या मोठ्या आतड्यातली गाठ सहसा आधी शस्त्रक्रियेने काढतात. गुदाशयातली गाठ वाढलेली असेल तर आधी किरणोपचार आणि केमो. केमोतले ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असताना गार वस्तूचा स्पर्श सोसत नाही: पहाटे पाण्याचा तांब्या उचलला की बोटांत सुया टोचतात, माठातले पाणी घशात अडते. शस्त्रक्रियेनंतर पोटावर शौचाची पिशवी आली की माणूस पंगतीला जायचे टाळतो. पिशवीचे भोक मापात कापले तर ती गळत नाही, कातडीही सोलत नाही. पण हे शिकवायला कुणी बसावे लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च निघतो. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी घरच्यांवरच पडते.

जगणे ठरते ते टप्प्यावर. अमेरिकेतल्या आकडेवारीत, गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली तर 10 पैकी 9 रुग्ण पाच वर्षे जगतात. यकृत-फुप्फुसांत पसरल्यावर जेमतेम एक-दोन. उपचारांनंतर पाच वर्षे सीईए ही रक्तचाचणी आणि स्कॅन ठरलेल्या वेळी करावे लागतात.

रुग्णाच्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. प्रस्तुत लेखिकेच्या तपासणीत एक पॉलिप सापडला आणि तो त्याच वेळी काढून टाकला.