जमिनीखालचं पेट्रोल

शिरगावच्या माणसाला विहिरीत डोकावायची सवय असते. लईराई देवीच्या जत्रेमुळे आमचं गाव गोव्याबाहेरही ठाऊक आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालत जातात, तेव्हा आसपासच्या रस्त्यांवर गाडी ठेवायला जागा उरत नाही. पण डिचोली तालुक्यात आमची दुसरी ओळख खाणींची. लोहखनिजासाठी खणलेले खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, त्यांत झिरपणारं पाणी उपसून टाकलं गेलं आणि गावच्या विहिरी आटल्या. आधी कळशी तळाला टेकू लागली, मग दोर वाढवावा लागला, मग पाण्याचा टँकर दारात आला. जमिनीखाली काय चाललं आहे ते वर राहणाऱ्याला उशिरा कळतं, हे मी तिथे शिकले. पेट्रोल कुठे भरायचं याबद्दल मी एवढी काटेकोर का, असं लोक मला विचारतात. त्याचं मूळ त्या विहिरींत आहे.

आमच्या घरातलं पहिलं पेट्रोल बाबांच्या बजाज चेतकमध्ये गेलं. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. डिचोलीच्या पंपावरचा पोरगा ऑइल ओतायच्या आधी बाबा नळीच्या टोकाचा एक थेंब बोटावर घ्यायचे, फुंकर घालायचे आणि बोटं एकमेकांवर घासून बघायचे. चांगलं पेट्रोल गार लागतं, उडून जातं, बोट कोरडं होतं. घासलेट मिसळलेलं असेल तर तेलकटपणा मागे राहतो. मग ते बोट माझ्या नाकाशी आणायचे. रेशनच्या निळ्या घासलेटचा वास मला चांगलाच ओळखू यायचा, कारण डबा घेऊन रांगेत मीच उभी राहायचे. सरकारी अनुदानामुळे घासलेट स्वस्त आणि करांमुळे पेट्रोल महाग. या दोन भावांतल्या फरकावरच भेसळीचा सगळा धंदा उभा होता. निळा रंग ही भेसळ ओळखता यावी म्हणून घातलेला. पण स्वस्त सॉल्व्हंटला असा रंग नसायचा, आणि ते बाबांच्या बोटालाही चकवून जायचं.

२५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्या टोळीने भर दिवसा जिवंत जाळलं. त्यांनी जागेवर जाऊन चोरी पकडली होती, एवढाच त्यांचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना पंप सील केल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या होत्या. सोनवण्यांची बातमी वाचली तेव्हा बाबा बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते. पंपावर शुद्ध पेट्रोल मिळावं म्हणून माणसं मेली आहेत, हे मला कायम आठवतं. त्यामुळे ‘एवढं काय बघायचं त्यात, पेट्रोल ते पेट्रोल’ हे वाक्य मला सहन होत नाही.

२०१२ चा एप्रिल आमच्या भागात कुणी विसरणार नाही. मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. माझं आजोळ दोडामार्गला, म्हणजे हद्दीच्या अगदी पलीकडे. मामा मोटरसायकल घेऊन यायचे, आईच्या हातचा चहा घ्यायचे आणि टाकी फुल्ल करून परतायचे. सीमेवरच्या पंपांवर एमएच-०७ च्या गाड्यांची रांग लागायची. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, टिप्पर उभे राहिले आणि डिचोली भागातल्या पंपांचा डिझेलचा खप कोसळला. पेट्रोलचा खप वाढलेला, डिझेलचा बसलेला. एकाच पंपाच्या दोन भूमिगत टाक्यांत माल किती दिवस पडून राहतो यात किती फरक पडू शकतो, हे माझ्या लक्षात तेव्हा आलं नव्हतं. ते शिकवलं मेस्ताने, माझ्या गाडीच्या मेकॅनिकने.

नोकरीत स्थिरावल्यावर मी एक छोटी, टर्बो इंजिनाची गाडी घेतली. सेकंडहँड, पण धावायला अशी की साखळी गाव सोडून चोर्ला घाटाला लागलं की पाय आपोआप दाबला जातो. तिच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ९५ चा आकडा लिहिलेला होता. आपल्याकडे साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद, असा सर्रास समज आहे, आणि पंपावर महागडं पेट्रोल विकणारेही तो दूर करत नाहीत. वस्तुस्थिती वेगळी आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, तेव्हा ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्योत पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटू नये, ही सहनशक्ती तो आकडा सांगतो. टर्बोमध्ये दाब जास्त, म्हणून सहनशक्तीही जास्त लागते. ती कमी पडली की इंजिन ठोकतं. जुन्या गाड्यांत ही टकटक कानाला ऐकू यायची. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर ती आधीच पकडतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचतं, पण पिकप जातो. चढणीवर गाडी जड वाटू लागते आणि कारण कळत नाही. मे महिन्यातल्या दुपारी, चोर्ल्याच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये, हा फरक मला स्पष्ट जाणवायचा. उलट ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्यात ९७ किंवा १०० घालून काहीच हाती लागत नाही. बाबांच्या चेतकला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. मैत्रिणी त्यांच्या साध्या स्कूटरसाठी लिटरमागे जास्तीचे पैसे मोजतात तेव्हा मी त्यांना थांबवते.

१ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, ते पहिल्या टप्प्यात दहा शहरांत. मुंबई आणि पुणे त्यांत होती. पुण्याला गेले तेव्हा मी ते भरलं, गाडी खूश होती. पण मी राहते डिचोली तालुक्यात. इथे ९५ चं प्रीमियम पेट्रोल मिळायचं ते मोजक्या पंपांवर, आणि तेही कधी संपलेलं असायचं. तेव्हा मी म्हापशाला मेस्ताकडे गेले आणि विचारलं, कुठून भरू? त्याने गाडीकडे बघितलंही नाही. म्हणाला, “बाय, नंबर मागीर पळय, आदीं खप पळय.” म्हणजे आकडा नंतर बघ, आधी खप बघ.

या एका वाक्यावर माझा पंप ठरला. प्रीमियम पेट्रोल महाग, म्हणून ग्राहक थोडे. ग्राहक थोडे, म्हणून टाकीतला माल शिळा. पेट्रोलमधले हलके घटक हळूहळू उडतात, आणि ९५ च्या पाटीखाली जे पडून असतं ते पाटीला जागेलच असं नाही. हमरस्त्यावर, टँकर वरचेवर रिकामा होणाऱ्या पंपावरचं पेट्रोल निदान ताजं असतं. पेडण्याकडे पत्रादेवीच्या बाजूला किंवा दोडामार्गच्या रस्त्यावर मामांसारख्या माणसांनी लावलेल्या रांगा, त्या रांगांनी आमच्यासाठी पेट्रोल ताजं ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आणि इथे मला शिरगावची विहीर पुन्हा आठवते, फक्त उलट्या बाजूने. विहिरीत पाणी हवं, ते नव्हतं. पंपाच्या टाकीत नको, तर ते शिरतं. गोव्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात भूमिगत टाकीच्या झाकणाची एक फट पुरते. पूर्वी पाणी तळाला बसायचं आणि बऱ्याचदा तिथेच राहायचं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. इथेनॉल पाण्याचा सोबती. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण प्रमाण वाढलं की दोघं हातात हात घालून तळाशी उतरतात आणि वर उरतं ते ऑक्टेन घटलेलं पेट्रोल. एका पावसाळ्यात एका पंपावर (नाव घेत नाही) टाकी भरून निघाले आणि मयेच्या चढावर गाडी हिसके द्यायला लागली. मेस्ताने टाकी उपसून बाटलीत धरली. खाली गढूळ थर, वर पिवळसर थर, मध्ये सरळ रेघ. त्या दिवसापासून पावसाळ्यात पेट्रोल भरण्याआधी मी पंपावर पाण्याची तपासणी विचारते. मोजपट्टीच्या टोकाला एक लेप लावून ती टाकीच्या तळापर्यंत सोडतात. पाणी असेल तिथे लेपाचा रंग बदलतो. चांगला पंपवाला हे रोज सकाळी करतोच, आणि विचारलं तर वही पुढे करतो.

देशात १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठलं गेलं. २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि आता सगळीकडे तेच आहे. त्याचं मानक ९५ ऑक्टेनचं. म्हणजे माझ्या झाकणावरचा आकडा आज साध्या पेट्रोलनेही गाठला आहे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच जुन्या घडणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलं होतं. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा, तेलाची आयात कमी व्हावी, याला माझा विरोध नाही. मात्र जुन्या गाडीच्या मालकाला कमी इथेनॉलचं पेट्रोल परवडणाऱ्या दरात निवडता यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

आकड्याचं काम संपलं तेव्हा पंपाच्या माणसांकडे जास्त लक्ष गेलं. मी जिथे भरते तिथे यंत्रावर दराबरोबर घनताही दिसते. एकदा मी फिल्टर पेपर मागितला. पोराने मालकाकडे बघितलं, मालक स्वतः उठून आला, नळीचं तोंड पुसलं आणि कागदावर थेंब टाकला. दोनेक मिनिटांत थेंब उडून गेला, तेलाचा डाग राहिला नाही. बाबांच्या फुंकरीचीच ही सरकारमान्य आवृत्ती. घनता मोजायची तर काचेचं नळकांडं, हायड्रोमीटर आणि तापमापक पंपावर असतात. तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढतात आणि ती टँकरसोबत आलेल्या नोंदीशी ताडतात. फरक ३ एककांच्या आत हवा. मापाबद्दल शंका असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागता येतं, आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते, त्याहून जास्त नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात यंत्रांत चिप बसवून माप मारणारे पंप पकडले, तेव्हापासून मी शून्य बघितल्याशिवाय नळी लावू देत नाही.

सकाळी थंडाव्यात पेट्रोल जास्त मिळतं, असं बाबा म्हणायचे आणि मीही बरीच वर्षं पहाटे रांगेत उभी राहिले. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. त्यामुळे आता मी सोयीच्या वेळी जाते. टँकर खाली होत असेल तर मात्र थांबते. तळाचा गाळ हलून वर येण्याची शक्यता असते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी काही बिघडत नाही.

फिल्टर पेपर मागितल्यावर जो पंपवाला कपाळाला आठ्या घालतो, त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही, मग त्याची पाटी कितीही मोठ्या कंपनीची असो. तुम्हीही मागून बघा. तो कागद पंपावर ठेवणं आणि मागितल्यावर देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी तुमच्याकडून एक पैसाही घेता येत नाही.