सादाको सावकाश येते

५ जुलै

भाची राहायला आली आहे. तिला भुताचा सिनेमा हवा होता, म्हणून ‘रिंग’ लावला. हिदेओ नाकाताचा, १९९८ सालचा, मूळ जपानी. अर्ध्यावर तिची कुरकुर सुरू झाली, “मामा, अजून एकदाही दचकायला झालं नाही.” मी म्हटलं, थांब जरा. शेवटी बंद टीव्ही आपोआप लागतो, पडद्यावर एक विहीर दिसते, विहिरीतून सादाको वर येते आणि चालायला लागते. नुसती चालते. भाचीने उशी पोटाशी धरली ती सिनेमा संपेपर्यंत सोडली नाही.

त्या चालीमागची युक्ती साधी आहे. सादाको झालेल्या रिए इनोओला नाकाताने मागे मागे चालायला लावलं आणि तो तुकडा उलटा फिरवला. त्यामुळे पाऊल पुढे पडतं, पण अंगाचा तोल माणसाचा वाटत नाही. काहीतरी चुकतंय हे डोळ्याला कळतं, काय ते सांगता येत नाही. मोठा आवाज करून कोणीही दचकवेल. इथे येणारी अख्खी दिसते, सावकाश येते, पळायला वेळ असतो, आणि तरी ती ज्याच्या घरी येते त्या रियुजीला हलता येत नाही. जपानी भयपटाची ताकद मला या दिसण्यात वाटते. लपवाछपवीवर त्यांची भिस्त नाही.

६ जुलै

सकाळी चहा घेताना भाचीचा प्रश्न, “पण त्यांनी तिला विहिरीतून बाहेर काढलं होतं ना? मग ती का येते?”

पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं. मी नारायण धारपांवर वाढलेला माणूस. धारपांच्या गोष्टीत अमंगळ कितीही माजलं तरी त्यांचे नायक समर्थ येतात आणि त्याला आवर घालतात. आजी सांगायची त्या गोष्टींतही अतृप्त आत्म्याचं काहीतरी राहिलेलं असायचं. ते पुरं केलं, उत्तरक्रिया झाली, की तो सुटायचा. ‘रिंग’ आपल्याला याच समजुतीच्या वाटेने नेतो. शापित व्हिडिओ टेप पाहिलेले रेको आणि रियुजी बादल्यांनी विहीर उपसतात, अवशेष सापडतात, रेको ती कवटी लेकराला धरावं तशी छातीशी धरते. आपल्याला वाटतं, संपलं. आणि दुसऱ्या दिवशी सादाको येतेच. तिची कोणी कणव केली काय, न केली काय, तिला फरक पडत नाही. रेको वाचली ती टेपची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली म्हणून. आता तीच टेप पाहिलेल्या आपल्या मुलाला वाचवायचं तर टेप पुढे कोणाला तरी दाखवायला हवी, म्हणून ती व्हिडिओ प्लेअर गाडीत टाकून वडिलांच्या घराकडे निघते. नातवाच्या जागी आजोबा.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबांनी हो म्हटलं असतं.” हे मला कधी सुचलं नव्हतं.

११ जुलै

पावसाने उसंत दिलेली नाही. बेडरूमच्या छताला कोपऱ्यात ओल आली आहे. कडेला पिवळट रेघ, मध्ये रंगाचे पोपडे, स्टुलावर चढून बोट लावलं तर गिलावा मऊ लागतो. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे.

मुद्दाम ‘डार्क वॉटर’ लावला. नाकाताचाच, २००२ सालचा, आणि मूळ कथाही ‘रिंग’वाल्या कोजी सुझुकीचीच. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. योशिमीचा घटस्फोट चालू आहे, मुलीचा ताबा कोणाला यावरून ओढाताण आहे, आणि परवडलेल्या जुन्या इमारतीतल्या फ्लॅटच्या छताला डाग पडलाय. ती तक्रार करते. इमारत सांभाळणारा म्हातारा ऐकून घेतो, करत काही नाही. डाग वाढतो. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. लाल पिशवी टाकून द्यावी तर परत येते.

पण माझा जीव सर्वांत जास्त कासावीस झाला तो बालवाडीच्या प्रसंगात. बाहेर पाऊस कोसळतोय, सगळ्या मुलांचे आईबाप येऊन गेलेत, आणि एक मूल एकटं राहिलंय. योशिमीला कामावरून निघायला उशीर होतो, आणि उशीर म्हणजे कोर्टात तिच्याविरुद्ध पुरावा. तिच्या स्वतःच्या लहानपणीही कोणी वेळेवर आलेलं नव्हतं. टाकीत बुडून मेलेल्या मित्सुकोलाही घ्यायला कोणी आलं नाही. म्हणून शेवटी त्या भूत झालेल्या मुलीला योशिमी ‘मी तुझी आई’ म्हणते, तेव्हा तो मला पराभव वाटला नाही. स्वतःची लेक वाचावी म्हणून ती दुसऱ्या, कोणाच्याच नसलेल्या लेकीची होते. दारापाशी उरलेल्या लेकीचं, इकुकोचं, रडणं मात्र सहन होत नाही. माझ्या लेखी हा ‘रिंग’पेक्षा मोठा सिनेमा आहे.

१३ जुलै

ताकाशी शिमिझुचा ‘जु-ऑन’. तुकड्यातुकड्यांत सांगितलेला, मध्ये मध्ये सैल. पण पांघरुणाच्या आत तो पांढरा चेहरा दिसतो त्या एका जागेसाठी त्याला सगळं माफ. भीती वाटली की डोक्यावरून पांघरूण घ्यायचं, हे जगातल्या प्रत्येक पोराने केलेलं असतं. शिमिझूने ती एकमेव सुरक्षित जागाही काढून घेतली.

२० जुलै

कियोशी कुरोसावाचा ‘क्युअर’, १९९७. (आकिरा कुरोसावाशी नातं नाही, दर वेळी सांगावं लागतं.) तोक्योत खून होताहेत, प्रत्येक प्रेताच्या गळ्याशी फुलीसारखा छेद, आणि प्रत्येक खुनी वेगळा. शिक्षक, पोलीस, डॉक्टर. मारल्याचं कबूल करतात, का मारलं ते त्यांना सांगता येत नाही. या सगळ्यांना आधी मामिया नावाचा एक विसराळू तरुण भेटलेला आहे. त्याला स्वतःबद्दल काही आठवत नाही. तो समोरच्यालाच विचारत राहतो, तू कोण? लायटरची ज्योत, सांडलेलं पाणी, एवढ्यावर त्याचं संमोहन चालतं.

पोलीस चौकीचा प्रसंग मी परत मागे नेऊन पाहिला. दिवसाउजेडी, रस्त्यापलीकडून घेतलेला लांबचा शॉट. चौकीतून एक शिपाई बाहेर येतो, मागून दुसरा येतो, पिस्तूल काढतो, गोळी घालतो. संगीत नाही, कॅमेरा जवळ जात नाही. खून करणारा जणू रोजचं एखादं काम उरकतोय. हीच घटना जवळून, थरथरत्या कॅमेऱ्याने दाखवली असती तर मी ती विसरूनही गेलो असतो.

आणि ते रिकामं वॉशिंग मशीन! तपास करणारा ताकाबे (कोजी याकुशो काय काम करतो!) दमून घरी येतो, तर मनाने आजारी असलेल्या बायकोने कपडे नसलेलं मशीन लावून ठेवलेलं. तो मुकाट्याने बंद करतो. त्याच्या वागण्यात कुठे खोट काढता येत नाही, आणि म्हणूनच मामियाला तो सापडतो. प्रत्येक माणसाने सभ्यपणाच्या तळाशी काय दाबून ठेवलंय, ते मामिया फक्त मोकळं करतो. असा खलनायक मी दुसऱ्या कुठल्या थ्रिलरमध्ये पाहिलेला नाही.

२७ जुलै

थ्रिलरचा विषय निघालाच, तर आकिराचा ‘हाय अँड लो’ (१९६३) पाहायलाच हवा. योकोहामाच्या टेकडीवर बूट कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याचा बंगला. अपहरण करणारा त्याच्या मुलाऐवजी चुकून ड्रायव्हरचा मुलगा उचलतो. पैसे द्यायचे का? पहिला जवळजवळ तासभर आपण त्या दिवाणखान्यातच असतो, आणि रुंद पडद्यावर कोण कोणापासून किती लांब उभा आहे यावरून कोणाच्या मनात काय चाललंय ते कळतं. ड्रायव्हर कोपऱ्यात मान खाली घालून उभा. मग एकदम धावती आगगाडी, संडासाची जेमतेम ७ सेंटीमीटर उघडणारी खिडकी, आणि तेवढ्यातून बाहेर टाकायच्या पैशांच्या बॅगा. त्या अधिकाऱ्याच्या भूमिकेतल्या तोशिरो मिफुनेचा घामाघूम चेहरा. साठ वर्षांत याच्या तोडीचं मला काही दिसलेलं नाही, आणि हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

६ ऑगस्ट

हिरोशिमाचा दिवस. नोबुहिको ओबायाशी त्याच प्रांतातल्या ओनोमिचीचा, कानेतो शिंदोही हिरोशिमाचाच. म्हणून आज दोघांचेही सिनेमे.

ओबायाशीचा ‘हाउस’ (१९७७) लोक वेडपट म्हणून दाखवतात. सात मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि घर त्यांना एकेक करून खातं. पियानो बोटं खातो, तोडलेलं मुंडकं उडत येऊन चावतं. यातल्या कितीतरी कल्पना ओबायाशीच्या शाळकरी मुलीच्या, चिगुमीच्या. पण मावशी अशी का झाली? तिचा नवरा व्हायचा तो युद्धावर गेला आणि परतला नाही. ती वाट पाहत राहिली. ही गोष्ट जुन्या चित्रफितीसारखी दाखवताना बॉम्बचा ढग दिसतो, आणि मुलींपैकी एकीला तो म्हातारीच्या कापसासारखा वाटतो. या मुलींना युद्ध माहीत नाही, आणि घर नेमकं त्यांनाच गिळतं. इतक्या रंगीत, गाणाऱ्या सिनेमात एवढा राग भरलेला आहे.

शिंदोचा ‘ओनिबाबा’ (१९६४) काळापांढरा. माणसाहून उंच गवत. सासू-सून वाट चुकलेल्या सामुराईंना मारून त्यांची चिलखतं विकतात आणि प्रेतं खड्ड्यात टाकतात. सून शेजारच्या हाचीकडे रात्री पळत जाते म्हणून सासू राक्षसाचा मुखवटा घालून तिला घाबरवते. पावसात तो मुखवटा चेहऱ्याला चिकटतो. हातोडीने फोडून काढल्यावर खालचा चेहरा दिसतो, त्या चेहऱ्याची रंगभूषा शिंदोने अणुबॉम्बमध्ये होरपळलेल्या माणसांवरून बेतली होती. हे कळल्यावर तो चेहरा मला नुसता भयपटातला राहत नाही.

१४ ऑगस्ट

आपण भुताच्या गोष्टी थंडीत शेकोटीपाशी सांगतो. जपानात त्यांचा मोसम उन्हाळ्याचा, पितर घरी येतात त्या ओबोनच्या दिवसांचा. ‘योत्सुया काइदान’ हे नाटकही १८२५च्या उन्हाळ्यातच एदोमध्ये रंगभूमीवर आलं. नवऱ्याच्या घरी विष देऊन विद्रूप केलेली ओइवा, केस विंचरताना हातात येणारे पुंजके. नोबुओ नाकागावाने १९५९मध्ये त्यावर काढलेला सिनेमा आज पाहिला. सादाकोचे केस कुठून आले ते इथे कळतं.

१८ ऑगस्ट

ताकाशी मिइकेचा ‘ऑडिशन’ (१९९९). सुया आणि तारेचंच सगळे बोलतात. मला जास्त छळते ती खोटी ऑडिशन. विधुर आओयामा सभ्य आहे, मुलावर माया करणारा आहे, आणि सिनेमाच्या नावाखाली बायका खुर्चीवर बसवून बायको निवडतो. आपण हसत हसत त्याच्या बाजूने असतो. मग त्याने निवडलेली आसामी, रिकाम्या खोलीत मान खाली घालून बसलेली, फोन, आणि मागे हललेलं पोतं.

२३ ऑगस्ट

पुन्हा कियोशी. ‘पल्स’, २००१. इंटरनेट नुकतं घरात आलेलं असताना त्याने एकटेपणावर काढलेला भूतपट. बंद खोलीत याबेच्या दिशेने एक बाई चालत येते, मध्येच तिचा पाय वाकडा पडतो, ती लवते, सावरते, पुन्हा येते. भुताचा तोल जावा, ही कल्पनाच भयंकर आहे. मात्र शेवटाकडे जळतं विमान शहरावर कोसळतं, ते मला नको वाटतं. जग संपतंय हे रिकाम्या रस्त्यांनी आणि भिंतीवर उरलेल्या काळ्या डागांनी आधीच सांगितलं होतं. भाचीला फोनवर हे म्हटलं, तर ती म्हणते विमान हवंच. पुढच्या वेळी आली की तो भाग दोघांनी मिळून पाहायचा ठरलंय.