थोरल्याची बाजू

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर कोणी कोणाला गोष्टी सांगत नाही. पण त्या रात्री लाइट गेली, ड्रॉइंगची शीट तशीच राहिली आणि माझा वसईचा रूम-पार्टनर उधळ्या पुत्राची गोष्ट सांगू लागला. लूकच्या शुभवर्तमानातला १५ वा अध्याय. म्हटलं, सांग बाबा, नाहीतरी काय करणार!

धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो. (आमच्या गावात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.) पैसे घेऊन परदेशी जातो, सगळे उडवतो. वर दुष्काळ पडतो. डुकरं राखायची पाळी येते. ज्यू माणसाला डुक्कर निषिद्ध, म्हणजे गडी किती खाली आला बघा! मग मुलगा नको, निदान चाकर म्हणून तरी ठेवा, असं बोलायचं ठरवून तो घरी निघतो. आपण व्हायवाला जाताना घोकतो ना, तसं. पण बाप त्याला लांबूनच ओळखतो, धावत जाऊन मिठी मारतो, पाठ केलेलं पुरतं बोलूही देत नाही. उत्तम झगा, अंगठी, पायात जोडे, पोसलेलं वासरू कापून मेजवानी.

इथवर मी मजेत ऐकत होतो. मग थोरला शेतावरून आला. घरात गाणी-नाच ऐकून दाराबाहेरच अडून बसला. इतकी वर्षं राबलो, मला मित्रांसाठी कधी एक करडू तरी दिलंत का, म्हणून भांडू लागला.

मी अंथरुणात उठून बसलो. हा तर माझा डायलॉग!

कांद्याची पट्टी आली त्याच रात्री सगळे पैसे घेऊन माझा धाकटा भाऊ घरातून गेला होता. त्या वर्षी मी मेसचं बिल थकवून, जुन्या पुस्तकांवर फर्स्ट क्लास काढला. घरी गेलो तेव्हा पिठलं-भाकरी होती. आणि दिवाळीत हा पठ्ठ्या हडकून परत आला, तर आईनं कोंबडा कापला! मी ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले. "चल, रस्सा गार होतोय," एवढंच म्हणाले. मी हललो नाही. तेही बराच वेळ शेजारी बसून राहिले, न जेवता. पहाटेच्या एसटीनं मी होस्टेल गाठलं.

"मग बाप थोरल्यासाठी पण बाहेर येतो," पार्टनर सांगत होता. "त्याची समजूत घालतो."

"थोरला आत जातो का?"

"ते सांगितलंच नाही. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून शास्त्री-परूशी कुरकुर करत होते, त्यांना ही गोष्ट सांगितलीय. पुढचं त्यांनी ठरवायचं."

लाइट आली. शीट काही पुरी झाली नाही.

खरं सांगतो, कोंबड्याचा हिशेब मला अजून पटलेला नाही. पण अण्णाही त्या रात्री उपाशी होते, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

परवा घरी फोन केला. आईला म्हटलं, धाकट्याला दे. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बारीक आवाज आला, "दादा, जेवलास का?"