शिक्का आणि मोर्तब

जुन्या मराठी दफ्तरांतील कागद चाळणाऱ्यास ठाऊक असते की, राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच तळाशी मोर्तब. पुढे कोणी चार ओळी वाढवू नयेत म्हणून. आपल्या पेशीचा कारभारही याच धर्तीवर चालतो, याची मला मोठी मौज वाटते. केंद्रकातून निघणारा आरएनएचा संदेश म्हणजे एक आज्ञापत्रच. त्याच्या आरंभी रासायनिक टोपी, शेवटी एकाच अक्षराची लांबलचक शेपटी. ही चिन्हे पाहून रायबोसोम नावाचा कारकून पत्र हाती घेतो व त्याबरहुकूम प्रथिन घडवतो.

करोना विषाणू हाच शिक्का आणि हेच मोर्तब घेऊन पेशीत शिरतो. सुमारे 30,000 अक्षरांचे ते पत्र कारकून निमूटपणे वाचू लागतो. परंतु तोतयेगिरी जगात नवी नाही; मला थक्क करते ती पुढची चाल. त्या पत्रातून प्रथमच जी प्रथिने निपजतात, त्यांत 180 दुव्यांचे एक इवलेसे प्रथिन असते. शास्त्रज्ञ त्यास एनएसपी-1 म्हणतात. रायबोसोमच्या ज्या बोळातून संदेशाचा धागा आत सरकतो, त्या बोळात हे आपले शेपूट बुचासारखे ठोकून बसवते. म्युनिक व झुरिक येथील संशोधकांनी 2020 साली त्याची चित्रेच प्रसिद्ध केली. घरचे संदेश दारात अडतात. पुष्कळसे तोडलेही जातात. विषाणूच्या पत्रांना मात्र आरंभी एक छोटासा, घडी पडलेला मायना असतो. तो मायना असला की बूच आड येत नाही!

2021 च्या उन्हाळ्यात माझे थोरले बंधू या रोगाने गेले. पहिले चार दिवस नुसती कणकण होती. “ऊन लागलंय रे,” म्हणत ते झोपाळ्यावर बसून होते. वहिनी अजून म्हणतात, “त्यांच्या शरीरानेच दगा दिला.” मला तसे म्हणवत नाही. बाधित पेशी शेजारणींना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन धाडू पाहते. त्याची आज्ञा लिहिली जाते; पण वाचणाऱ्याच्या दारात बूच बसलेले. अण्णांच्या देहात नेमके काय घडले, ते पेशीच्या या कथेवरून कोण सांगणार? तरीही, हाक लिहिलेली असून ती वाचली न जाणे आणि दगा देणे, या दोहोंत मला फार अंतर दिसते.

2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्या मायन्यालाच नेमका चिकटेल असा तुकडा बनवला होता. मायना झाकला जाताच विषाणूची पत्रे त्याच्याच बुचाने अडली. पेशींत तसे घडले, उंदरांतही गुण दिसला. हे मी वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा पदराने पुसला व विचारले, “माणसांना केव्हा देणार, भावजी?”