तीर्थनच्या काठी, हंगामाच्या अखेरीस

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी कुलू-मनाली पाहिलं असेल. बर्फ, सफरचंदं, शाली, सगळं झालं असेल. पण मैत्रिणींनो, औटला मनालीचा रस्ता सोडून बंजारकडे वळलात का कधी? बंजारच्या पुढं गुशैनीपर्यंत तीर्थन नदी रस्त्याला सोबत करते. ती बघावी ऑक्टोबरात! पावसाळ्याचा गढूळपणा गेलेला, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत.

या पाण्यात ट्राउट मासा राहतो. मूळचा तो इथला नव्हे. साहेबाला आपल्या गावच्या माशाची सय यायची! १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली अंडी काश्मिरात जगली आणि १९०९ मध्ये काश्मीरहून ट्राउट कुलूत आला. अंगावर काळे-तांबडे ठिपके मिरवणारा हा तपकिरी पाहुणा आता घरचाच झालाय.

त्याला पकडायची तऱ्हाही न्यारी. गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. इतकी हलकी माशी लांब जाते कशी? तर वजन असतं दोरीत. काठीच्या झोक्यानं दोरी हवेत उलगडते आणि माशी अलगद पाण्यावर टेकते. मासा प्रवाहाकडं तोंड करून असतो, म्हणून आपण खालच्या अंगानं, त्याच्या मागून जायचं. पाणी कमी आणि स्वच्छ, त्यामुळं नुसती सावली पडली तरी स्वारी पसार! भडक कपडे नकोतच. पहाटेची धावपळही नको बरं का. सकाळी पाणी गारठलेलं असतं. उन्हं चढली की नदीतले किडे पंख फुटून वर येतात आणि मासा खायला सरसावतो. तेव्हा निवांत चहा-नाश्ता करूनच निघा.

आता खरी सांगायची गोष्ट. या दिवसांत मादीच्या पोटात गाबोळी भरलेली असते. थंडी वाढली की ती उथळ पाण्यात शेपटीनं खडी उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडीचं पांघरूण घालते. म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लावतात, त्यातलंच हे शहाणपण. फक्त ऋतू वेगळा. पण तारीख माशाला कुठं कळते? ऑक्टोबरअखेर सापडलेली मादी आई होण्याच्या तयारीतच असते. तिला सोडून द्यावं हेच बरं.

सोडायचीही रीत आहे. गळाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवावा. हात ओले करूनच मासा धरावा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून त्याला रोग जडतो. प्रवाहाकडं तोंड करून पाण्यात अलगद धरावा. दम आला की आपणच निसटतो. आणि उथळ पाण्यात कुठं खडी धुतल्यासारखी उजळ दिसली, तर तिथं पाय देऊ नका. ती बाळंतिणीची खोली आहे!

ही नदी अशी वाहती राहिली तीही फुकट नव्हे. तीर्थनवर नऊ वीजप्रकल्प व्हायचे होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातली माणसं त्याविरुद्ध कोर्टापर्यंत गेली आणि ते प्रकल्प रद्द झाले. वरच्या अंगाच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला २०१४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. हाव आवरली म्हणून हे वैभव उरलं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

‘मग खायचं काय?’ असं विचाराल! तळ्यांत पाळलेला ट्राउट त्या भागात विकत मिळतो, तोच खावा. त्याला आपला झणझणीत मसाला नको, चव हरवते. मीठ, हळद, लिंबू लावून तव्यावर थोड्या तेलात परतला की झालं.

जाताना उबदार स्वेटर आणि न घसरणारे बूट घ्या. गळ टाकायचा तर मत्स्यखात्याचा परवाना काढा. आणि नसेल टाकायचा, तर काठावरच्या एखाद्या गोट्यावर बसून नदी बघा. तिला परवाना लागत नाही.